नळापाशी पडणारा डाग

गॅरेजच्या मालकाला सगळे दादा म्हणत, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची वहिनी झाली. सासूच्या वयाच्या बायकाही तिला वहिनी म्हणायच्या, आणि बँकेतला साहेबही. खुद्द दादांच्या तोंडून एकदोनदा चुकून "वहिनी, जरा दहाचा पाना द्या" असं निघालं होतं, तेव्हा कामाला आलेली माणसं पोट धरधरून हसली होती.

घर वर आणि गॅरेज खाली, अशी ती जागा. मध्ये सिमेंटचं अंगण, एका कोपऱ्यात नळ, पलीकडे अरुंद फाटक. घरात यायचं तर गॅरेजमधूनच यावं लागे. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला या गोष्टीचा मनस्वी राग यायचा. चपलांना तेल, जिन्याच्या पायऱ्यांना तेल, धुवून वाळत टाकलेल्या चादरीला धुराचा वास. तिनं पहिल्याच महिन्यात ठरवलं की काही झालं तरी अंगण रोज घासायचं. सकाळी गाड्या यायच्या आधी बादली, सोडा आणि काथ्याचा ब्रश घेऊन ती खाली उतरायची. दादा म्हणायचे, "अगं, गॅरेज आहे ते, आरसा नाही." ती म्हणायची, "तुमचं गॅरेज असेल, माझा उंबरठा आहे."

घासता घासता तिला डाग ओळखू यायला लागले. तिला कुणी शिकवलं नाही. पोळलेल्या साखरेसारखा काळा दाट डाग इंजिनच्या तेलाचा, तो सगळ्यात चिवट. हिरवट, बोटाला बुळबुळीत लागणारा रेडिएटरचा. पेट्रोलचा डाग दिसायचाच नाही, नुसता वास मागे ठेवून जायचा. आणि लालसर, सरबत सांडल्यासारखा दिसणारा डाग स्टेअरिंगच्या तेलाचा. तो ताजा असेपर्यंत एका हातात निघायचा, वाळला की गुलाबी सावली सोडायचा. कुठली गाडी कुठं उभी होती आणि तिनं काय सांडलं, हे वहिनी दादांच्या आधी सांगू शकायची. पण सांगायची नाही. तिला वाटायचं, हे आपलं घासायचं ज्ञान, त्यांचं काम वेगळं.

वर सासूबाई असायच्या. तोंडानं फटकळ, पण मन साफ. शेजारणीनं एकदा विचारलं, "तुमची सून त्या पुरुषांच्या गॅरेजात उतरते, हात काळे करून घेते, तुम्हाला चालतं?" सासूबाई भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तोंड काळं करण्यापेक्षा हात काळे बरे." शेजारीण पुन्हा त्या विषयावर आली नाही.

त्या दिवसांत अंगणात रोज दुपारी एक व्हॅन उभी राहायची. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, बुटक्या नाकाची, जुनी पिवळी व्हॅन. तिच्या चालकाचं नाव कुणालाच आठवत नसे, सगळे त्यांना सावकाश काका म्हणत. मूल गाडीत चढताना काका म्हणायचे सावकाश, उतरताना सावकाश, समोरून सायकल आली तरी काच खाली करून सायकलवाल्याला सांगायचे, सावकाश. त्यांच्या घरासमोर गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून शाळा भरल्यावर ते व्हॅन दादांच्या अंगणात आणून लावत आणि शाळा सुटायच्या वेळी घेऊन जात. त्या बदल्यात वहिनीला बाजारातून काही हवं असेल तर तेच आणून द्यायचे.

फाटक अरुंद असल्यानं व्हॅन आत घ्यायची म्हणजे कसरत. नळापाशी आणून स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण कापायचं, म्हणजे अडेपर्यंत फिरवायचं, मागे घ्यायची, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण कापायचं आणि भिंतीला लावायची. कापताना गाडी अशी किंचाळायची की वरच्या मजल्यावर सासूबाईंच्या हातातून चमचा पडायचा.

"पट्टा ओरडतोय," दादा म्हणायचे. पट्टा म्हणजे इंजिनच्या तोंडाशी फिरणारा रबरी बेल्ट. त्या गाडीत एकच लांब पट्टा सगळ्यांना फिरवायचा, बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोला, पाण्याच्या पंपाला आणि स्टेअरिंगच्या पंपालाही. दादांनी पट्टा ताणून बसवला. काही आठवडे गाडी गप्प राहिली, मग पुन्हा ओरडायला लागली. एके दिवशी तर पट्ट्याच्या कडेचे दोरे सुटून बाहेर लोंबायला लागले, जुन्या चटईसारखे. दादांनी नवा पट्टा घातला. तोही तसाच चिंध्या झाला. दादांनी आणखी एक घातला, या वेळी चांगल्यातला. स्टेअरिंगचं तेलही थोडं कमी व्हायचं, तेवढं दादा वरून भरून टाकायचे. "जुनी गाडी आहे," ते म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसासारखी. थोडं जास्त पिणारच."

त्यानंतर एका सकाळी, शाळेजवळच्या उताराच्या वळणावर, तो पट्टा तुटला.

स्टेअरिंगला पंपाची मदत मिळेनाशी झाली की ते दगडासारखं जड होतं. वळायचं थांबत नाही, पण अंगात दुप्पट बळ असलेला माणूस लागतो, आणि काका तर किरकोळ शरीरयष्टीचे. त्यांनी सगळा जीव लावून स्टेअरिंग ओढलं, ब्रेक दाबला, आणि व्हॅन शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला घासत जाऊन थांबली. सावकाश चालवायची सवय होती म्हणून निभावलं. एका मुलीचा ओठ फुटला, एकाचा डबा सांडला, बाकी सगळी मुलं घाबरून रडत बाहेर आली. काका मात्र कितीतरी वेळ स्टेअरिंग धरून आत बसून होते. बोटं सोडवावी लागली.

व्हॅन ओढून अंगणात आणली तेव्हा मागोमाग पालकही आले. कुणी फार आवाज चढवला नाही, पण ते जास्त वाईट होतं. ओठ फुटलेल्या मुलीचे वडील म्हणाले, "पट्टा आताच बदललेला होता ना? तुम्हीच बदलला होता?"

"मीच," दादा म्हणाले.

"मग तुटला कसा?"

दादा तुटलेला पट्टा काढायला व्हॅनशी वाकले. पालक गेले. काका एका उलट्या डब्यावर बसून राहिले, आणि दादा हातातला फाटका पट्टा उलटसुलट करत उभे राहिले. दुपारचं जेवण वर वाढून ठेवलेलं थंड झालं. वहिनी दोनदा खाली डोकावून गेली. तिसऱ्यांदा ती सरळ खाली उतरली.

"अहो," ती म्हणाली, "त्या नळापाशी रोज लाल डाग पडतो."

"कसला डाग?"

"स्टेअरिंगच्या तेलाचा. चार-पाच थेंबच असतात."

"इथं रोज शंभर गाड्या येतात. कुणाचाही असेल." दादांच्या आवाजाला धार होती. असं ते तिच्याशी एरवी बोलत नसत.

"शंभर येत नाहीत, सात-आठ येतात," वहिनी म्हणाली. "आणि तो कोपरा मी घासते. व्हॅन येते त्या दिवशी डाग असतो, शाळेला सुट्टी असते तेव्हा नसतो. आणि भिंतीजवळ जिथं ती दुपारभर उभी असते, तिथली जमीन कोरडी ठणठणीत. डाग फक्त नळापाशी. जिथं काका स्टेअरिंग कापतात, तिथंच."

 दादांनी पट्टा नाकाशी नेला, वास घेतला, मग अंगठ्यानं दाबून पाहिला. रबर मऊ लागत होतं, फुगल्यासारखं, आणि बोटाला चिकटत होतं. नवं रबर असं नसतं.

"हा तेल प्यायलाय," ते हळूच म्हणाले. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "मी नुसता पट्टा बदलत बसलो."

काका डब्यावरून उठले. "म्हणजे माझी चूक नाही?"

"तुमची नाही, काका. तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज बंद ठेवून दादा आणि वहिनी त्या व्हॅनच्या मागे लागले. दादांनी आधी इंजिनचा तो सगळा भाग धुवून काढला. इतकी वर्षं साठलेलं तेल आणि धूळ यांचा लगदा निघाला, तेव्हा कळलं की खाली धातू कुठल्या रंगाचा होता. मग हवेच्या झोतानं कोरडं केलं. वहिनी वर जाऊन लेकीच्या पावडरचा डबा घेऊन आली आणि पंपाभोवती, पाइपांवर, सांध्यांवर ती पांढरी पावडर भुरभुरवली. तेल कुठून निघतं ते पावडरवर दिसेल, ही दादांची युक्ती. पाळण्यातल्या लेकीसाठी मग आठवडाभर दुसरी पावडर आणायचं राहून गेलं, त्यावरून सासूबाई बोलल्या ते वेगळं.

नवा पट्टा चढवला, तेल भरलं, गाडी चालू केली. काहीच नाही. पावडर तशीच पांढरी. दादांनी स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवलं, तरी कोरडी.

"बघ," दादा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सकाळी गाडी थंड असते," वहिनी म्हणाली. "काका शाळेची फेरी करून येतात तेव्हा ती तापलेली असते. तापू द्या."

गाडी तशीच चालू ठेवली. सासूबाईंनी वरून विचारलं, आज काय गाडीचं लग्न आहे का, एवढा वेळ आवाज चाललाय. इंजिन चांगलं तापलं, तेव्हा दादा आत बसले. पंपामागच्या फटीत डोकावायला त्यांचे खांदे जात नव्हते, म्हणून वहिनी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात छोटा आरसा घेऊन वाकली.

"हात आत घालू नकोस," दादांनी बजावलं. "त्या पाइपात एवढा जोर असतो की बारीक धार कातडी फोडून आत जाईल. पुठ्ठा धर समोर."

तिनं पुठ्ठा धरला.

"फिरवू का?"

"फिरवा."

"दिसतंय काही?"

"अजून नाही. पूर्ण कापा. आता धरून ठेवा."

आणि मग तिला दिसलं. जाड रबरी पाइप जिथं लोखंडी नळीला जोडला होता, त्या जोडापाशी पावडर गुलाबी झाली. थेंब नव्हता, धार नव्हती, फक्त दंव पडावं तशी बारीक भुरभुर. ती पुठ्ठ्यावर आली, आणि पुठ्ठा नसता तर थेट फिरत्या पट्ट्यावर गेली असती. दादांनी स्टेअरिंग सोडलं की ती बंद. कापलं की पुन्हा सुरू. गाडी थंड झाल्यावर जोडातल्या त्या बारीक भेगेचा मागमूस राहत नव्हता.

"या, बघा," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, आश्चर्य होतं. चोर आपल्याच घरातून निघावा तसं.

दादांनी पाहिलं.  मग त्यांनी गाडी बंद केली, खिशातून सुतळी काढली, आणि पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्या चाकांच्या तोंडावर ती ताणून धरली. या कामात त्यांचा हात बसलेला होता. तीन चाकं एका रेषेत होती आणि स्टेअरिंगच्या पंपाचं चाक नखभर बाहेर. पंप धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचा एक बोल्ट ढिला होता, पंप एका बाजूला झुकला होता, आणि म्हणूनच पट्ट्याची कड खरवडून दोरे निघत होते. तेलानं रबर मऊ केलं आणि वाकड्या चाकानं ते कातरलं. एकट्या गळतीनं पट्टा इतक्या लवकर गेला नसता, एकट्या वाकड्या चाकानंही नसता.

"दोन खोंडं एकाच दिशेला ओढायला लागली की गाडा जातोच," दादा म्हणाले.

पाइप बदलला, बोल्ट कसला, सुतळीनं रेष पुन्हा जुळवली. दादांनी जुना पाइप आणि पट्टा एका पिशवीत घातले आणि शाळा सुटायच्या वेळी काकांबरोबर शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. पालक जमले तेव्हा त्यांनी पिशवी उघडली. त्यांना भाषण करता येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पट्टा मी बदलला, पण तो का जातो ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. काकांचा काही दोष नाही. बिघाड माझ्या बायकोनं शोधला. आता गाडी नीट आहे."

बरेच जण पुन्हा काकांच्या व्हॅनमध्ये मुलं पाठवू लागले. ओठ फुटलेल्या मुलीच्या वडिलांनी नाही पाठवली. ते गृहस्थ त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना गॅरेजकडे बघतही नसत, आणि दादा म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बघितलं नसतं."

या सगळ्यातली एकच गोष्ट वहिनीच्या लक्षात राहिली. दादांनी चारचौघांत तिचं नाव घेतलं. म्हणजे नाव नाही घेतलं, माझी बायको म्हणाले, पण तेच पुष्कळ होतं. त्या आठवड्यात दादांनी आपला कामाचा जुना निळा सूट शिंप्याकडे नेऊन लहान करून आणला. तो भिंतीवरच्या खिळ्यावर आपल्या सुटाशेजारी अडकवला. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "बाह्या आणखी दोन बोटं कमी करायला हव्या होत्या, पट्ट्यात अडकतील."

तिथून पुढची वर्षं वहिनीला आठवायची ती एकाच लांब दुपारसारखी. दादा कान लावायचे, ती डोळा लावायची. त्या काळातल्या गाड्या माणसांसारख्या बोलायच्या. पट्टा सैल असला की सकाळी कुरकुरायच्या, तेल कमी झालं की स्टेअरिंगचा पंप कण्हायचा, हवा शिरली की टाकीत फेस यायचा, साबणाच्या पाण्यासारखा. आजची गाडी बिघडली की एक दिवा लागतो आणि ती गप्प बसते, असं वहिनी पुढं म्हणायची. तिला त्या गप्प गाड्यांशी कधी मैत्री करता आली नाही.

आणि ट्रायल. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी एक फेरी मारून बघावी लागे, आणि संध्याकाळी दादा तिला हाक मारायचे, "चल, ट्रायलला." त्यांच्या स्वतःच्या मालकीची गाडी कधी झाली नाही. कधी वेळ नव्हता, कधी गरज वाटली नाही. पण लोकांच्या गाड्यांतून ते दोघं रोज फिरले. वकिलाच्या लांबलचक काळ्या गाडीतून, बेकरीवाल्याच्या पिठाच्या वासाच्या टेम्पोतून, नव्या जोडप्याच्या लाल छोट्या गाडीतून. तलावाकाठचा रस्ता ठरलेला होता. बाजारामागच्या रिकाम्या मैदानात दादा स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून आठाचा आकडा काढायचे आणि म्हणायचे, "ऐक." ती ऐकायची. आवाज नसला की ते खूश होऊन तलावाशी गाडी थांबवायचे. मागच्या सीटवर लेक झोपलेली असायची. जाऊबाईंनी एकदा विचारलं, लग्न झाल्यापासून तुम्ही कुठं फिरायला गेलाच नाहीत ना? वहिनी म्हणाली, "आम्ही रोज जातो. गाडी रोज वेगळी असते, एवढंच."

सावकाश काकांनी पुढं व्हॅन चालवायची सोडली. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ली ठेवली, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. नंतरही ते बरेच दिवस दुपारी रिकाम्या हातांनी अंगणात यायचे आणि व्हॅन उभी राहायची त्या भिंतीशी बसायचे. सासूबाई वरून त्यांना चहा पाठवायच्या. मग एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात काका.

दादांचे गुडघे आधी गेले. वाकता येईना, तेव्हा ते खुर्चीत बसून सांगायचे आणि वहिनी करायची. एका शांत सकाळी, चहा प्यायल्यावर, वर्तमानपत्र मांडीवर ठेवूनच ते गेले. वहिनी खाली एका गाडीचा पट्टा ताणत होती. लेकीनं वरून हाक मारली ती नेहमीची नव्हती, हे तिला पहिल्या अक्षराला कळलं. तिनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि जिना चढली. नंतर तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं की आपण हात पुसत कसे बसलो.

ज्याची ती गाडी होती तो माणूस चार दिवसांनी संकोचत आला. म्हणाला, घाई नाही, दुसरीकडे नेतो. वहिनी म्हणाली, "अर्ध्यावर सोडलेलं काम त्यांना आवडायचं नाही." तिनं पट्टा ताणला, गाडी चालू केली. आणि ट्रायलला एकटीच गेली. तलावापर्यंत गेली नाही, मैदानातूनच परत आली.

त्यानंतर तिनं आणखी काही वर्षं गॅरेज चालवलं, एक जाणता मेकॅनिक पगारी ठेवून. पण जुन्या गाड्या कमी कमी होत गेल्या. नव्या गाड्यांचं स्टेअरिंग विजेवर चालायला लागलं, त्याला तेलही नको आणि पट्टाही नको. मेकॅनिकला मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, तेव्हा वहिनीनंच त्याला जा म्हणून सांगितलं. लेक दुसऱ्या शहरात होती, ती फोनवर म्हणाली, "आई, आता पुरे कर. हात बघ तुझे." वहिनीनं हात पाहिले. नखांच्या कडा कायमच्या काळ्या, अंगठ्याजवळ जुन्या भाजल्याचा व्रण. "हातांना काय झालंय?" ती म्हणाली. पण मनात तिनंही ठरवलं होतंच.

जागा भाड्यानं घ्यायला एक बाई आली. कपडे शिवायचं आणि शिकवायचं काम करायची. बारा मशीनं ठेवायची होती तिला. रिकाम्या गॅरेजात उभी राहून तिनं नाक आक्रसलं आणि भीत भीत विचारलं, "हा तेलाचा वास जाईल का हो? कापडांना लागेल."

"सोडा आणि गरम पाण्यानं घासा," वहिनी म्हणाली. "तीन-चारदा. मधला जाईल. भिंतीच्या कडेचा थोडा राहील."

"मग तिथं मी कात्र्यांचं कपाट ठेवते," बाई म्हणाली.

वहिनीला तो विचार पसंत पडला. तिनं वर नेऊन त्या बाईला चहा दिला. बाईनं हिंडून घर पाहिलं, खिडकीतून अंगण पाहिलं, आणि सहज म्हणाली की मशीनचे पट्टेही फार लवकर झिजतात, का कोण जाणे, दर दोन महिन्यांनी बदलावे लागतात.

वहिनीनं कप खाली ठेवला. "बदलू नका लगेच," ती म्हणाली. "आधी मशीन घेऊन या. मी बघते."